वाचक विचारतात : विवस्त्र समूहात नजर कुठे ठेवावी?

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे, एकमेकांना न ओळखणाऱ्या तिघांनी लिहिलेली असूनही, एकाच विषयाभोवती फिरतात. चार माणसांत विवस्त्र असणे आणि तरीही त्यात कामभावनेचा संबंध नसणे खरोखर शक्य असते का, असा तो विषय आहे. सदराची सारी जागा या वेळी त्यालाच दिली आहे. वाटण्या आणि सासू-सुनांची पत्रे पुढच्या अंकात घेऊ. त्या विषयांना उशीर झाला तरी ते शिळे होत नाहीत, हा अनुभव आहे.

प्रश्न : आदरणीय बाई, स.न.वि.वि. मी मूळची कऱ्हाडची. लग्नानंतर चार वर्षांपासून आम्ही दोघे स्टुटगार्टजवळ राहतो. यजमानांच्या कार्यालयातील एका जर्मन जोडप्याशी आमचा चांगला घरोबा आहे. या हिवाळ्यात त्यांनी आम्हाला गरम पाण्याची कुंडे आणि सॉना (घाम काढण्यासाठी तापवलेली खोली) असलेल्या एका मोठ्या स्नानगृहात बोलावले. जाण्याच्या दोन दिवस आधी सहज बोलताना कळले की सॉनाच्या भागात स्त्रीपुरुष एकत्र असतात आणि तिथे पोहण्याचे कपडेसुद्धा चालत नाहीत. मी डोकेदुखीचे निमित्त सांगून जाणे टाळले. मैत्रिणीने नंतर मला अगदी सहजपणे विचारले, "त्यात काय आहे? शरीर तर सगळ्यांनाच असते." तेव्हापासून माझ्या मनात एकच गोष्ट घोळते आहे. या लोकांना खरोखर काही वाटत नाही, की वाटत नसल्याचे सोंग ते वठवतात? आणि वाटेनासे होत असेल, तर ते कसे होते? पुढच्या महिन्यात पुन्हा बोलावणे आले आहे. यजमान म्हणतात, तू म्हणशील तसे. — स. कु., स्टुटगार्ट

उत्तर : तुमच्या प्रश्नाचे पहिले उत्तर असे की, त्यांना खरोखर काही वाटत नाही, आणि तरीही त्यात थोडा सराव केलेला अभिनय असतो. ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी कशी, हे सांगण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

जर्मनीत या रीतीला शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कारखाने, धूर आणि कोंदट चाळी यांनी त्रासलेल्या शहरी लोकांत निसर्गोपचाराची एक लाट आली, शाकाहार, सूर्यस्नान, अनवाणी चालणे असे बरेच काही त्यात होते, आणि उघड्या अंगाला ऊन-वारा लागू देणे हा त्याच लाटेचा एक भाग होता. त्याला ते 'फ्रायकोर्परकुल्टुर', म्हणजे मुक्त शरीराची संस्कृती, म्हणतात आणि बोलताना 'एफकाका' असे लघुरूप वापरतात. 1920 मध्ये झिल्ट बेटावर विवस्त्र स्नानासाठी अधिकृत किनारा राखून ठेवला गेला. त्याच दशकात बर्लिनमध्ये आडोल्फ कोख नावाच्या समाजवादी विचारांच्या शिक्षकाने कामगारांसाठी विवस्त्र व्यायामाच्या शाळा चालवल्या. नाझी सत्तेवर येताच मार्च 1933 मध्ये नाझी नेता गोअरिंग याच्या आदेशाने या चळवळीवर बंदी आली, आणि पुढे 1942 मध्ये त्याच राजवटीने आडबाजूला, इतरांना त्रास होणार नाही अशा ठिकाणी, विवस्त्र स्नानाला मुभाही दिली. पूर्व जर्मनीत तर गंमतच झाली. 1954 मध्ये आरेन्सहोप या किनाऱ्यावर सरकारने ते बंद करण्याचा प्रयत्न केला, लोकांनी जुमानले नाही, आणि 1956 मध्ये ठराविक जागांवर त्याला रीतसर परवानगी द्यावी लागली. तुमच्या मैत्रिणीचा तो सहजपणा तिच्या रक्तातून आलेला नाही, हे लक्षात यावे म्हणून एवढे सांगितले. आजोबा-पणजोबांच्या पिढ्यांनी त्यासाठी वाद घातले, नियम केले, दंड सोसले आणि मग ते अंगवळणी पडले.

उलटा प्रवासही झालेला आहे. जपानमध्ये सार्वजनिक स्नानगृहांत स्त्रीपुरुष एकत्र विवस्त्र स्नान करीत. सरकारने 1791 मध्ये त्यावर बंदी घातली तरी रीत पूर्णपणे गेली नाही. पुढे 1853-54 मध्ये कमोडोर पेरी यांच्याबरोबर आलेल्या अमेरिकनांनी ते दृश्य पाहून नाके मुरडली आणि पाश्चात्त्यांच्या डोळ्यांत आपण रानटी ठरू नये म्हणून मेजी काळातील (1868 नंतरच्या) सरकारने नियम कडक केले. म्हणजे तिथल्या लोकांना या गोष्टीची लाज वाटू लागण्यात पाहुण्यांचा मोठा हात होता. आज तिथे बहुतेक ठिकाणी स्त्रियांची आणि पुरुषांची स्नानगृहे वेगळी असतात, पण आत गेल्यावर अंगावर कपडा नसतो आणि त्याचे कोणाला काही वाटत नाही.

आता 'कसे' हा तुमचा खरा प्रश्न. 1960 च्या दशकात मार्टिन वाइनबर्ग या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने तिथल्या विवस्त्र वसाहतींचा अभ्यास केला. बाहेरच्यांची समजूत अशी होती की जिथे कपडे गेले तिथे मर्यादाही गेली. त्याला दिसले ते वेगळेच होते. या वसाहतींत मर्यादेचे नियम बाहेरच्या जगापेक्षा अधिक होते. कोणाकडे टक लावून पाहायचे नाही. लैंगिक विषयावर बोलायचे नाही, चावट विनोदही नाहीत. अंगाला स्पर्श टाळायचा, अगदी नवराबायकोनेसुद्धा चारचौघांत लगट करायची नाही. दारू नाही. परवानगीवाचून छायाचित्रे नाहीत. एकट्या पुरुषांना प्रवेश देताना फार सावध राहायचे. शरीराकडे लक्ष वेधेल अशा रीतीने बसायचे-उठायचे नाही, आणि याच्याच जोडीला एक नियम मला सर्वांत मार्मिक वाटतो, तो म्हणजे अंग मुद्दाम झाकून घेण्याची धडपडही करायची नाही. जो हाताने झाकतो तो 'इथे पाहण्यासारखे काही आहे' असेच सुचवत असतो.

हे वाचल्यावर मला आपल्या घरातील वागणे आठवले. एका खोलीत सहा-सात माणसे राहत तेव्हा सून न्हाऊन आली की सासरे वर्तमानपत्र वर करून वाचू लागत, दीर खिडकीशी जाऊन उगाच रस्ता पाहत उभा राही. त्यांना ती दिसत नव्हती असे नाही. न पाहण्याची एक रीत सगळ्यांनी मिळून पाळली होती आणि ती इतकी मुरली होती की पाळतो आहोत हेही कोणाला जाणवत नसे. अर्व्हिंग गॉफमन या समाजशास्त्रज्ञाने अशा वागण्याला एक नाव दिले आहे, त्याचा अर्थ साधारण 'सभ्य दुर्लक्ष' असा होतो. सॉनात हेच चालते. फरक एवढाच की आपल्याकडे बरेच काम पदर करतो आणि थोडे काम नजर करते, तर तिथे पदराचे सगळे काम नजरेवर पडते. म्हणून मी म्हटले की त्यात अभिनय आहे. पहिल्या दिवशी माणूस न पाहण्याचा प्रयत्न करतो, काही दिवसांनी प्रयत्न करावा लागत नाही, आणि त्या टप्प्यावर 'काही वाटत नाही' हे अक्षरशः खरे होते. वाइनबर्गला भेटलेल्या लोकांपैकीही अनेकांना आपण किती लवकर सरावलो याचेच आश्चर्य वाटले होते.

कामभावना जागी होण्यासाठी उघडे अंग पुरेसे नसते, हे विवाहित माणसाला वेगळे सांगायला नको. तिला एकांत लागतो, संकेत लागतो, काही झाकलेले आणि काही दाखवलेले लागते. सॉनात नव्वद अंशांच्या जवळ तापलेल्या खोलीत वीस माणसे घामाने निथळत बसलेली असतात, त्यांत पोट सुटलेले असतात, शस्त्रक्रियेचे व्रण असलेले असतात, सत्तरी ओलांडलेल्या आजीबाई असतात, आणि भिंतीवर वाळूचे घड्याळ लावलेले असते. तिथे कोणतेही शरीर विशेष राहत नाही. जे जे कलामहाविद्यालयासारख्या ठिकाणी पहिल्यांदा विवस्त्र मॉडेल पुढे बसते तेव्हा वर्गात अवघडलेली शांतता असते आणि अर्ध्या तासाने सगळे जण खांद्याची रेघ आणि कमरेवरची सावली यांच्याशी झुंजत असतात, असे चित्रकार मित्रांकडून मी ऐकले आहे. हाताला काम मिळाले की डोळ्यांची दिशा बदलते. सॉनातले काम म्हणजे उष्णता सोसणे, आणि माझ्या अनुभवाने सांगते, ते काम कमी नाही.

माझा अनुभव फिनलंडमधला आहे. एका परिषदेच्या निमित्ताने गेले असताना यजमान प्राध्यापिका मला आणि आणखी दोघींना आपल्या तळ्याकाठच्या घरी घेऊन गेल्या. सुमारे पंचावन्न लाख लोकांच्या त्या देशात सुमारे तीस लाख सॉना आहेत, त्यामुळे नकार देणे म्हणजे आपल्याकडे पाहुण्याने चहा नाकारण्यासारखे होते. तिथे घरच्या मंडळींत लहानपणापासून सॉना असतो. पाहुणे असतील तर बायका आणि पुरुष बहुधा आळीपाळीने जातात. मी सगळे धीराने केले, पण दाराशी त्यांनी सांगितले की अंगावर धातू ठेवू नका, तापून भाजते. मंगळसूत्र काढून खुंटीला अडकवताना मला जेवढे उघडे वाटले तेवढे साडी सोडताना वाटले नव्हते. चष्माही बाहेर राहिला, आणि माझा नंबर असा की त्यानंतर तिघीही मला धुक्यातल्या झाडांसारख्या दिसत होत्या. नजर कुठे ठेवावी हा प्रश्न माझ्यापुरता देवानेच सोडवला. दहा मिनिटांनी आम्ही मुलींच्या शिक्षणाच्या खर्चाबद्दल बोलत होतो.

तुमच्या जर्मन स्नानगृहाबद्दल थोडे व्यवहाराचे सांगते, कारण अर्धी भीती अज्ञानाची असते. प्रत्येक क्षण विवस्त्र असायचे नसते. वाटांवर, विश्रांतीच्या खोलीत आणि खाण्याच्या जागी लोक झगा घालतात किंवा टॉवेल गुंडाळतात. आत जाण्यापूर्वी अंग धुवायचे. सॉनात मोठा टॉवेल घेऊन जायचा आणि त्यावर असे बसायचे की पायांपासून डोक्यापर्यंत घाम लाकडाला लागू नये. याबाबत तिथली माणसे फार काटेकोर असतात आणि टॉवेल विसरलेल्या माणसाला जेवढे ऐकून घ्यावे लागते तेवढे दुसऱ्या कशासाठीही लागत नाही. टॉवेल अंगाभोवती ठेवून बसलात तर बहुतेक ठिकाणी कोणी हरकत घेत नाही. पोहण्याचे कपडे चालत नाहीत याचे कारण ते स्वच्छतेचे सांगतात. माझ्या मते दुसरेही कारण आहे : विवस्त्र लोकांत एकच माणूस कपडे घालून बसला की तो पाहणारा ठरतो आणि बाकीचे पाहिले जाणारे, आणि सगळा मामला तिथेच बिघडतो. 'आउफगुस' नावाचा एक प्रकार असतो, त्यात सेवक तापलेल्या दगडांवर सुगंधी पाणी ओततो आणि टॉवेलने गरम हवा सगळ्यांच्या अंगावर फिरवतो. तो चालू असताना मध्येच दार उघडून बाहेर जाणे बरे दिसत नाही, पण चक्कर येत असेल तर खुशाल जावे. पहिल्या वेळी खालच्या बाकावर, आठ मिनिटांपेक्षा जास्त नको. रक्तदाबाचा त्रास असेल किंवा दिवस गेलेले असतील तर आधी डॉक्टरांना विचारा.

यजमानांच्या मनात असणारी शंका ते तुम्हाला विचारणार नाहीत, म्हणून तीही सांगते. शरीराने नको तो प्रतिसाद दिला तर काय, ही भीती जवळजवळ प्रत्येक नव्या पुरुषाला असते. उष्णता, अवघडलेपण आणि आजूबाजूचा निरुत्साही देखावा यांमुळे तसे फारच क्वचित होते, आणि झालेच तर टॉवेल मांडीवर घेऊन बाहेर पडावे आणि थंड पाण्याखाली उभे राहावे. कोणी त्याची चर्चा करत नाही.

जायचे की नाही हे मी ठरवणार नाही. मात्र नाही म्हणायचे असेल तर डोकेदुखी सांगू नका. "आम्हाला सवय नाही, आपण नुसत्या गरम पाण्याच्या भागात भेटू," असे सांगितलेले जर्मन माणसाला चांगले समजते, आणि तिथे पोहण्याचे कपडे चालतात. अनेक स्नानगृहांत आठवड्यातून एक दिवस फक्त स्त्रियांसाठी असतो. सुरुवात तिथून करता येईल. आणखी एक गोष्ट मैत्रिणीला नव्हे, स्वतःला विचारा. ओळखीच्या माणसांसमोर, विशेषतः यजमानांच्या सहकाऱ्यांसमोर, विवस्त्र असणे हे अनोळखी लोकांत असण्यापेक्षा अवघड असते, कारण सोमवारी त्याच माणसाशी बैठकीत बोलायचे असते. मी तुमच्या जागी असते तर पहिली खेप आम्ही दोघेच गेलो असतो.

प्रश्न : मी निवृत्त मुख्याध्यापक आहे. आमच्या सांगली भागात दिगंबर जैन मुनींचा विहार असतो तेव्हा लेकीबाळींसह सारे गाव दर्शनाला जाते आणि कोणाच्या मनात वावगा विचार येत नाही. मग परदेशी लोकांच्या विवस्त्र वावरण्याचे एवढे कौतुक कशाला? आपल्याकडे ही दृष्टी हजारो वर्षे आहे. — एक वाचक, सांगली

उत्तर : सर, तुमचा मुद्दा निम्मा मान्य आहे, आणि त्या निम्म्याला मी भरच घालते. श्रवणबेळगोळच्या सुमारे 57 फूट उंच विवस्त्र बाहुबलींच्या पायाशी 'श्रीचावुण्डराजें करवियलें' हे वाक्य कोरलेले आहे आणि मराठीच्या सर्वांत जुन्या शिलालेखांत त्याची गणना होते. म्हणजे आपली लिहिलेली भाषा जवळजवळ जन्मापासूनच एका दिगंबर मूर्तीच्या पायाशी बसलेली आहे. नरसोबाच्या वाडीला ज्याच्या नावाचा गजर होतो तो दत्तही दिगंबर, आणि कोणाही आईने मुलाचे नाव दिगंबर ठेवताना शब्दाचा अर्थ मनात आणून संकोच केल्याचे मी ऐकलेले नाही. सिंहस्थात त्र्यंबकेश्वरला नागा साधू स्नानाला निघतात तेव्हा रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बायका हात जोडून उभ्या असतात.

पण ही दृष्टी आणि जर्मन सॉनातली दृष्टी एक नाही. मुनींची नग्नता ही त्यागाची खूण आहे. त्यांनी वस्त्र सोडले कारण परिग्रह, म्हणजे मालकीची ओढ, सोडली, आणि त्यांच्यासमोर आपण वस्त्रे नेसून, खाली वाकून उभे असतो. एकाने सोडायचे आणि बाकीच्यांनी वंदन करायचे, अशी ती रचना आहे. त्या नग्नतेला पावित्र्याने झाकलेले आहे. शिवाय हा मार्ग पुरुषांपुरता आहे. दिगंबर परंपरेतील आर्यिका, म्हणजे साध्वी, पांढरी साडी नेसतात. सॉनातली नग्नता कोणालाही उंचावर बसवत नाही. ती तितकीच सामान्य असते जितके आपल्याकडे न्हाव्यापुढे मान देऊन बसणे. त्यागाशिवाय, देवाशिवाय, निव्वळ आरामासाठी स्त्रीपुरुषांनी एकत्र उघडे असणे आणि ते सहज मानणे, याची सवय आपल्या परंपरेने लावलेली नाही, आणि तसे म्हणण्यात परंपरेचा अपमान नाही.

तुमच्या बाजूचे अधिक जवळचे उदाहरण मला तालमीत सापडते. लंगोट लावलेला पैलवान कोल्हापूरच्या खासबाग मैदानात हजारोंसमोर उभा राहतो, दुसऱ्या तशाच अंगाला भिडतो, आणि पाहणारे फक्त डाव पाहतात. तोच माणूस त्याच लंगोटात स्टँडवर एसटीची वाट पाहत उभा राहिला तर पोलीस येतील. अंग तेच, कापड तेवढेच. मैदानाच्या तांबड्या मातीने जी नजर ठरवून दिली होती ती स्टँडच्या फरशीवर मिळत नाही.

एका गोष्टीत मात्र तुमच्या 'वावगा विचार येत नाही' या वाक्याशी मी अडखळते. आपल्या भाषेत 'नागवणे' म्हणजे लुबाडणे, 'नागवला गेला' म्हणजे सर्वस्व गेले. भाषेने ही जोडणी उगाच केलेली नाही. ज्या समाजात द्रौपदीची कथा प्रत्येकाला ठाऊक आहे आणि ज्या समाजात दलित स्त्रियांना विवस्त्र करून धिंड काढण्याचे अत्याचार इतके घडले की 1989 च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यात त्यासाठी वेगळे कलम घालावे लागले, त्या समाजात नग्नता ही शिक्षा म्हणूनही वापरली गेली आहे. त्यामुळे इथली एखादी स्त्री या कल्पनेनेच आक्रसली तर ती मागासलेली ठरत नाही. तिला जे ठाऊक आहे ते जर्मनीच्या किनाऱ्यावर लोळणाऱ्या माणसाला ठाऊक नाही. स्वतःच्या हाताने उतरवलेले वस्त्र आणि दुसऱ्याने ओढलेले वस्त्र यांत जेवढे अंतर आहे, तेवढेच अंतर सॉना आणि सभापर्व यांत आहे.

प्रश्न : मी पुण्यात कायद्याच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आपल्याकडे असा विवस्त्र वावरणाऱ्यांचा संघ काढता येईल का? गोव्यात चालते असे मित्र म्हणतात. — अ. प., पुणे

उत्तर : मित्र जुन्या काळातले बोलत आहेत. हणजुणेच्या (अंजुनाच्या) किनाऱ्यावर 1970 च्या सुमारास हिप्पी विवस्त्र वावरत, हे खरे. आज गोव्याच्या किनाऱ्यांवर त्याला परवानगी नाही. सार्वजनिक जागी इतरांना त्रास होईल असे अश्लील कृत्य करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 296 खाली गुन्हा आहे, पूर्वी तो दंड संहितेच्या 294 खाली होता. तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. खाजगी जागेत, सज्ञान माणसांनी, स्वखुशीने असे करणे याला हे कलम तसे लागत नाही, पण शेजारी, जागामालक आणि पोलीस ठाणे यांचा विचार करून मगच बोला. 'अश्लील' कशाला म्हणायचे याबद्दल न्यायालये मात्र बरीच पुढे आली आहेत. टेनिसपटू बोरिस बेकर आणि त्याची वाग्दत्त वधू यांचे जर्मन नियतकालिकातून घेतलेले विवस्त्र छायाचित्र छापल्याबद्दलच्या खटल्यात 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, नुसती नग्नता म्हणजे अश्लीलता नव्हे, कामवासना चाळवण्याचा हेतू आणि संदर्भ पाहावा लागतो, अशी भूमिका घेतली. अभ्यासक्रमात नसेल तरी 'अवीक सरकार' हा निकाल वाचाच. 2023 मध्ये केरळ उच्च न्यायालयानेही नग्नता आणि लैंगिकता यांची गाठ प्रत्येक वेळी घालू नये, असे एका मातेच्या प्रकरणात म्हटले आहे.

असा संघ मात्र आपल्याकडे होऊन गेला आहे, आणि तोही तुमच्याच क्षेत्रातल्या माणसाने काढलेला. चार्ल्स एडवर्ड गॉर्डन क्रॉफर्ड हे मुंबई इलाख्यातील जिल्हा व सत्र न्यायाधीश होते, विधुर होते. 1891 मध्ये त्यांनी एक विवस्त्र संघ स्थापन केला आणि आधुनिक अर्थाने जगातील पहिला ज्ञात असा संघ म्हणून त्याची नोंद होते. सभासद तीन : स्वतः न्यायाधीश आणि एका मिशनऱ्याचे दोन मुलगे. जागा माथेरान. जर्मनांच्या आधी हे आपल्या सह्याद्रीत घडले याचा अभिमान वाटून घ्यायचा असेल तर घ्या, पण तिघेही साहेब लोक होते आणि त्यांच्या भोवतीच्या मराठी माणसांना कोणी विचारले नव्हते, हेही ध्यानात ठेवा. क्रॉफर्ड यांची रत्नागिरीला बदली झाली आणि संघ मोडला. 1894 मध्ये ते वारले.

मराठीत हा विषय उघडपणे मांडला तो रघुनाथ धोंडो कर्वे यांनी. 1927 पासून 1953 मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांनी 'समाजस्वास्थ्य' हे मासिक चालवले, मुखपृष्ठावर विवस्त्र स्त्रीची चित्रे छापली, आणि नग्नतेत स्वतःहून अश्लील असे काही नाही, हे गणिताच्या प्राध्यापकाला शोभेल अशा कोरड्या तर्काने पुनःपुन्हा सांगितले. त्यांच्यावर खटले झाले. 1934 च्या खटल्यात त्यांच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले, तरी शिक्षा झालीच. त्या खटल्याचे निमित्त कोणते लेख होते हे तुम्हाला कदाचित ठाऊक नसेल : वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांना दिलेली उत्तरे. तुमचे पत्र मी संपादकांना दाखवले तेव्हा त्यांनी ही आठवण काढली आणि वकील कोण देणार, एवढेच विचारले. तुम्ही सनद केव्हा घेता ते कळवा.